दुसरा बार

१

“आणि दुसरा बार कुणावर काढलास?”

“किती वेळा सांगायचं, आत्या? त्याच हरणावर.”

“त्या हरणाला भोक एकच आहे. हे बघ.” नोटबुर्गाने उजव्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. दुसऱ्या पेरापर्यंत ते लाल होतं. “खांद्याच्या मागे चार बोटं. जिथे हवी तिथे गोळी गेली, पलीकडून बाहेर पडली. शाबास. आता दुसरीचं सांग.”

“चुकली.”

“ऐंशी पावलांवरून? तुझी? खोटं बोलायचं तर दुसऱ्या कुणाशी बोल. तुला बंदूक खांद्याला लावायला मी शिकवलंय.”

जीप अंगणात शिरली तेव्हापासून हे चाललं होतं. आता चर्चची दुपारची घंटा वाजून गेली, तरी दोघांपैकी कुणीही जागचं हललं नव्हतं. जीपचा मागचा फळका उघडा, त्यावर नर हरीण आडवं पडलेलं, दहा फाट्यांची शिंगं बाहेर लोंबणारी. क्विरिन चौतीस वर्षांचा, सहा फुटी, रोटकारच्या रानाचा राखणदार. नोटबुर्गा एकाहत्तर वर्षांची. वजन त्या हरणाच्या निम्मं आणि आवाज त्याच्या दुप्पट, असं गावातले लोक म्हणत, पण ती लांब गेल्यावर.

“सात वाजता मी गोठ्यात होते,” ती म्हणाली. “पहिला बार ऐकला. म्हटलं, झालं. चार आकडे मोजायच्या आत दुसरा! हातातली बादली हातातच राहिली. या घरातून इतकी घाई आजवर डोंगरात गेली नव्हती.”

“कारण या घरात आजवर एकबारीच होती! खटका सारा, नळी वाकवा, रिकामं काडतूस काढा, खिशात दुसरं चाचपा, घाला, मिटवा, परत नेम धरा. तोवर जखमी जनावर दोन दऱ्या पार करून जातं आणि आठ दिवस सडून मरतं. ते बरं, का हाताशी दुसरी गोळी असलेली बरी?”

“जखमी केलं तर ना!”

“होतं एखाद्या वेळी.”

“तुझं होत असेल. मी बेचाळीस वर्षं एका गोळीवर डोंगर चढले. दुसरी नाही हे ठाऊक असलं की माणूस पहिली नीट मारतो. नाहीतर मारतच नाही, मुकाट घरी येतो. तुझ्या त्या बोल्टवालीत मॅगझिनमध्ये चार आणि नळीत एक. पाच! पाच वेळा चुकायचा परवाना खिशात घालून शिकारीला जातोस.”

“सगळ्या तिरोलमध्ये एकबारी आता कुणाकडे आहे सांगू? तुझ्याकडे आणि संग्रहालयात.”

“संग्रहालय निदान खोटं बोलत नाही.”

क्विरिनने टोपी मागे सारली. टोपीच्या पट्टीत हरणाच्या रक्तात बुडवलेली फरची डहाळी खोचलेली होती. शिकार मिळवणाऱ्याचा तो मान. नोटबुर्गाने पहिला नर पाडला, तेव्हा गावातल्या एकाही पुरुषाने तिच्या टोपीत ती खोचली नव्हती. बायकांनी पिशव्या उचलाव्यात, असं त्यांचं म्हणणं. तिने स्वतःच डहाळी मोडली, स्वतःच खोचली आणि भर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसली. राग तिला तेव्हाही यायचा. आता फक्त सराव वाढला होता.

“हात गेला, आत्या,” क्विरिन एकदम खालच्या आवाजात म्हणाला. “बोल्टची मूठ वर, मागे, पुढे, खाली. सरावच तसा आहे. नर पडलेला मी पाहिला, आणि तोवर हातानं दुसरं काडतूस चढवलंसुद्धा. मग पडलेल्याच्या मागून काहीतरी उठल्यासारखं वाटलं, आणि बोटानं चाप ओढला.”

“काय उठलं?”

“काही नाही. वाटलं म्हणतोय ना!”

“लागल्याचा आवाज आला का?”

त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली. गोळी अंगात शिरते तेव्हा ओल्या गोधडीवर काठी बसावी तसा आवाज येतो. खडकावर ती टणकन वाजते. शिकाऱ्याचा कान यात फसत नाही, आणि फसला असं सांगणारा शिकारी तिच्यासमोर टिकत नाही.

“आला,” तो म्हणाला. “पण मी जाऊन पाहिलं. एकच हरीण होतं.”

“किती वेळानं गेलास?”

“लगेच.”

“लगेच!” तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. “बार काढल्यावर एक चिलीम संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे तुझ्या बापानं शिकवलं, मी शिकवलं. ज्याला गोळी लागली ते जिथे उभं होतं तिथे डहाळी मोडून ठेवायची. मग त्याचा माग काढायचा. सापडेपर्यंत काढायचा. लागलेलं मागे सोडून आला, याहून मोठी शिवी या डोंगरात नाही. बार दोन, आवाज दोन, आणि तुझ्या टोपीत डहाळी एक. वर जा आणि दुसरं शोध. आणि जाताना माझी बंदूक घेऊन जा.”

“जे नाहीच ते शोधायला?” क्विरिनने हरणाच्या मागच्या तंगड्या धरल्या. “धर तिकडून. मांसाला ऊन लागतंय.”

तिने धरलं. राग कितीही आला तरी मांस नासू द्यायचं नसतं.

२

थंड खोली घराच्या उत्तर अंगाला होती, स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत लावून. क्विरिनच्या बापाने ती बांधली होती. पांढऱ्या फरश्या, मधोमध मोरी, छताला लोखंडी रूळ आणि रुळावर सरकणारे आकडे. पहिल्या आकड्याच्या डोक्यावर वजनाची गोल तबकडी. दार वीतभर जाड, हिरव्या रंगाचं, अडसर फक्त बाहेरून. आतून उघडायची सोयच नव्हती. आत जे ठेवायचं त्याला बाहेर यायचं नसे.

हरीण मागच्या पायांवर उलटं टांगलं. काटा चौऱ्याण्णववर थांबला. नोटबुर्गाने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने आकडा लिहून तो तंगडीला बांधला. टांगलेलं जनावर ठिबकतं, सुकतं. पहिल्या रात्रीत किलोभर उतरतं, मग रोज थोडं थोडं. इतक्या वर्षांत उतरलं नाही असं एकही जनावर तिने पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिने काळीज कांद्यावर परतलं. शिकारीच्या दिवशी काळीज शिकाऱ्याने खायचं असतं. क्विरिन भट्टीला पाठ टेकून बसला होता, घरातही जाकीट घातलेलं.

“थंडी वाजतेय?”

“नाही.”

“मग जाकीट काढ. पाहुणा आहेस का?”

“आत्या, जेवू देशील?”

भिंतीपलीकडे थंड खोलीची मोटर घुमत होती. दोघांनाही त्या आवाजाची इतकी सवय, की तो थांबला तरच कळे. नोटबुर्गाला न थांबल्यामुळे कळलं. ऊबदार जनावर आत गेलं की मोटर दोनएक तास सलग चालते, मग दमते, मध्येमध्ये विसावते. आज दुपारपासून तिने श्वास घेतला नव्हता.

“दार नीट लागलंय ना?”

“तूच लावलंस.”

तिने उठून पाहिलं. अडसर पक्का होता. बाहेरच्या काचेत पारा चारवर, जिथे असायला हवा तिथेच. मग मोटरला एवढी मेहनत कसली? जुनी झाली असेल. तेल संपलं असेल. ती परत येऊन बसली, आणि काळजाचा तुकडा तोंडात घालताना तिला आठवलं की मोटर अशी चालायची एक वेळ असते. एका जनावराला ती एवढी चालत नाही. एकाच दिवशी दोन आणली की चालते.

तिने हे बोलून दाखवलं नाही. बोलली ती बंदुकीबद्दलच, आणि ताटं घासून होईपर्यंत बोलत राहिली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सत्त्याण्णववर होता.

नोटबुर्गा काट्याकडे पाहत उभी राहिली. मग गोठ्यातून मिठाचं न फोडलेलं पोतं आणलं, जे रानात हरणांना चाटायला ठेवतात ते. पंचवीस किलो. हरीण दुसऱ्या आकड्यावर सरकवून तिने पोतं तबकडीखाली टांगलं. काटा बरोबर पंचवीसवर. पोतं काढलं, हरीण परत आणलं. सत्त्याण्णव.

म्हणजे तबकडी खरी. पुठ्ठ्यावर आपण चुकीचा आकडा लिहिला असेल? नोटबुर्गा शाळेत आठवीपर्यंतच गेली होती. पुढचं सगळं तिचं तिने मिळवलं होतं, आणि आकडा चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. मग मांसाने पाणी धरलं असेल. तिने बरगड्यांच्या आत हात घातला. मांस गार, कोरडं, कडेला सुकायला लागलेलं. जसं हवं तसं.

हात बाहेर काढताना तिच्या लक्षात आलं की हरीण ओळंब्यात नाही. मागच्या भिंतीकडे वीतभर झुकलं होतं, वाऱ्यावर कपडा उडावा तसं, आणि खोलीत वारा नव्हता. तिने तळहाताने ते सरळ केलं. हात काढला. हरीण सावकाश, घाई न करता, पुन्हा भिंतीकडे झुकलं.

ती बाहेर आली आणि अडसर घातला. मग अडसर घातलाय का ते पुन्हा पाहिलं, आणि स्वतःवरच चिडली.

“वजन वाढलंय,” तिने न्याहारीला सांगितलं. “तीन किलोनं.”

“छान! महिनाभर टांगू. हत्ती होईल.”

“हसू नकोस.”

“मग काय रडू?” क्विरिनने पाव मोडला. आजही तो भट्टीला चिकटून बसला होता, जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. “कालपासून तू माझं डोकं खातेयस. बंदूक चुकीची, बार चुकीचा, आता हरीणपण चुकीचं. सरळ सांग ना, तुला माझ्या हातात तुझीच बंदूक हवीय. बाबांनी दुसरी घेतली असती तर त्यांनाही असंच छळलं असतंस.”

“तुझ्या बापाला एवढं छळावं लागत नसे. तो पहिल्यांदाच ऐकायचा.”

“म्हणून लवकर सुटले.”

नोटबुर्गाने चमचा खाली ठेवला. क्विरिनला बोलल्याचं वाईट वाटलेलं दिसत होतं, पण तोंडातून ते निघेना. या घराण्यात कुणाच्याच निघत नसे.

“एगिडला बोलावते,” ती म्हणाली. “बिर्काला घेऊन येईल. माग काढल्याशिवाय मी त्या हरणाला सुरी लावू देणार नाही.”

“बोलाव! गावभर तमाशा कर!”

“करते,” असं म्हणून ती फोनकडे गेलीसुद्धा.

४

एगिड निवृत्त पोस्टमन. शाळेत नोटबुर्गाच्या वर्गात होता, तेव्हापासून तिला बुर्गल म्हणायचा आणि तेव्हापासूनच घाबरून होता. बिर्का त्याची कुत्री, लाल-तपकिरी, लोंबत्या कानांची. जखमी जनावराचा दोन दिवसांचा शिळा मागही ती सोडत नसे. जीपमध्ये पुढे क्विरिन आणि त्याची बोल्टवाली, मागे नोटबुर्गा आणि तिची एकबारी, मध्ये एगिड.

“लागलेल्याच्या मागं जाताना तरी दुसरी गोळी हवी, हे एगिडकाका सांगतील तुला.”

“एगिड काही सांगणार नाही. हो ना, एगिड?”

“मी कुत्रीवाला,” एगिड म्हणाला. “तुम्ही भांडा. बिर्काला तेवढीच झोप मिळते.”

रोटकारच्या उतारावर बिर्काने पहिलं रक्त लगेच दाखवलं. हरीण पडलेली जागा, दाबलेलं गवत, गोळीने कापलेल्या केसांचा पुंजका. इथवर सगळं रीतसर होतं. मग कुत्रीने नाक वर केलं, बारा पावलं मागे गेली आणि एका झुडपापाशी थांबली. एगिड गुडघ्यावर बसला. पानांवर रक्ताचे चार थेंब होते, वाळून काळे पडलेले.

“म्हणजे लागलं होतं,” नोटबुर्गा म्हणाली. क्विरिनकडे तिने पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

एगिड मात्र उठेना. त्याने चष्मा लावला, पानं एकेक करून उलटली, जमिनीला नाक लावलं.

“केस नाहीत,” तो म्हणाला.

“नीट बघ.”

“बुर्गल, पस्तीस वर्षं हेच बघतोय. गोळी शिरते तिथे केस कापले जातातच. हरीण असो, डुक्कर असो, ससा असो. रक्त आहे आणि केस नाहीत, असं...” त्याने वाक्य सोडून दिलं आणि क्विरिनकडे वळला. “पोरा, इथे कुणी माणूस होता का?”

“नव्हता! देवाशपथ नव्हता! लगेच आलो मी इथं. कुणीच नव्हतं.” क्विरिनचा चेहरा पांढरा पडला होता. “गावातलं कुणी कमी झालंय का? सांगा ना!”

“नाही,” एगिड म्हणाला. “काल संध्याकाळी सगळ्यांना खानावळीत पाहिलं. तिघं आडवे होते, पण श्वास चालू होता.”

कुणी हसलं नाही. बिर्काने दोरी ताणली.

ती डोंगराकडे गेली नाही, ओढ्याकडेही नाही. जुन्या पायवाटेला लागली. त्या वाटेने जीप जात नाही, आणि गाडीरस्ता झाल्यापासून माणूसही जात नाही. दोन तास तिघे तिच्यामागून उतरत होते. दगडावर एक थेंब, मग पन्नास पावलं काही नाही, मग मुळीवर एक. पाऊलखूण कुठेच नाही. बंदुकांचं भांडण कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. जंगल संपलं आणि खाली घराचं छप्पर दिसलं, तेव्हा नोटबुर्गाला ते ओळखायला क्षणभर वेळ लागला. या बाजूने तिने ते कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

बिर्का अंगणात शिरली, गोठ्याला वळसा घालून हिरव्या दारापाशी आली. सापडलं की भुंकायचं, हे तिला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं. ती भुंकली नाही. बसली, दाराकडे पाहत राहिली, मग तशीच बसल्या बसल्या मागे सरकू लागली आणि तिच्या खालची फरशी ओली झाली.

“हे काय, रक्त दारापाशी असणारच!” क्विरिन जवळजवळ ओरडला. “नर इथूनच आत नेला आपण!”

“नर पायवाटेनं आणलास?” नोटबुर्गाने विचारलं.

एगिडने कुत्रीला उचलून घेतलं. एवढी मोठी कुत्री, पण त्याने तिला कोकरासारखी छातीशी धरली. नोटबुर्गाने त्याला पेला भरून द्यायचं म्हटलं, तर तो नको म्हणाला. एगिड नको म्हणाला!

“जखमी जनावर पाण्याकडे जातं,” तो फाटकाशी थांबून म्हणाला, “नाहीतर दाट झाडीत. घरी जात नाही, बुर्गल. घर असतं कुणाला?”

५

तिसऱ्या दिवशी क्विरिन उठायच्या आधी ती थंड खोलीत गेली. सूर्य वर आला होता आणि अंगणात लख्ख ऊन होतं. भुताखेतांची ही वेळ नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं. भुतांवर तिचा विश्वास नव्हता. तबकडीवर होता.

दार मिटू नये म्हणून पायाने दगड सरकवून ती आत गेली. दिवा लावला. हरीण आता हातभर झुकलं होतं आणि रुळाची साखळी ताठ ताणलेली. काटा एकशे एकाहत्तरवर होता. त्यातून चौऱ्याण्णव गेले तर किती उरतात, ही वजाबाकी तिने केली नाही. आकड्यांना ती पहिल्यांदाच घाबरली.

काटा स्थिर नव्हता. एकशे एकाहत्तर, एकशे सत्तर, एकशे एकाहत्तर. चढत होता, उतरत होता. सावकाश.

मोटर बंद पडली.

दोन दिवसांत पहिल्यांदा ती बंद पडली. त्या शांततेत नोटबुर्गाला स्वतःचा श्वास ऐकू आला, आणि थंडीत तोंडातून निघणारी वाफही दिसली. तिने श्वास रोखला. मनात एक, दोन, तीन मोजले.

हरणाच्या मागून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, वाफेचा एक लोट आला आणि विरला. मग दुसरा.

आपलीच असेल, ती म्हणाली. मघाची, राहिलेली. वाफ कधी राहते का? राहत असेल. एकाहत्तराव्या वर्षी डोळे काहीही दाखवतात. असं म्हणत म्हणतच तिने पाहिलं, की हरणाच्या उघड्या बरगडीच्या कडेला आतल्या बाजूने चार बोटं धरलेली आहेत. पडू नये म्हणून फांदी धरावी तशी. घट्ट, पेरं पांढरी पडेपर्यंत. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

ती करंगळी तिची ओळखीची होती. क्विरिन लहान असताना ती गवताच्या गाडीच्या कडीत चिरडली, तेव्हा लाकडी चमच्याच्या दांड्याला तिनेच बांधली होती. नीट बसली नाही म्हणून डॉक्टर तिच्यावर रागावला होता, आणि ती डॉक्टरवर.

वर, माडीवर, क्विरिनच्या खोलीची फळी करकरली. तो उठला होता. बूट शोधत होता.

बरगडीवरची बोटं त्या आवाजासरशी किंचित हलली. दबा धरलेल्याने कान टवकारावेत तशी.

नोटबुर्गा पाठ न दाखवता बाहेर आली. दगड पायाने बाजूला केला, दार लोटलं, अडसर घातला. मग त्या दाराला पाठ लावून उन्हात उभी राहिली.

६

“बाजूला हो, आत्या.”

क्विरिन कापायला आला होता. रबरी एप्रन, सुऱ्यांचं कातडी बोचकं, हातात जाड मोजे. “आज ते हरीण मी उतरवणार. तुकडे करणार, खानावळीत पोचवणार आणि विषय संपवणार.”

“नाही.”

“का नाही?”

तिने पाठ दाराला आणखी दाबली.

“वर शोधलं,” तो म्हणाला. “तुझ्या म्हणण्यावरून शोधलं. काय मिळालं? कुत्री मुतली! एगिडकाका फोन उचलत नाहीत. रात्रभर मला झोप नाही, अंगातली थंडी जात नाही, आणि तू सकाळपासून दाराला चिकटून उभी! अजून काय हवंय? मी चुकलो, म्हणू? चुकलो! दुसरा बार काढायला नको होता. झालं समाधान?”

नोटबुर्गा त्याच्या हातांकडे पाहत होती. मोज्यांत कोणतं बोट सरळ आणि कोणतं वाकडं, ते दिसत नव्हतं. मोजे काढ, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. ते तिच्या जिभेवर येऊन बसले आणि उठेनात. काढले आणि करंगळी सरळ निघाली, तर मग आत कोण आणि बाहेर कोण?

“बघतेस काय अशी? बोल ना! नाहीतर कधी तोंड मिटत नाही तुझं! तीन दिवस एकच पाढा. एकबारी, एकबारी! तुझ्या हट्टापायी बाबा दमले, आता मला दमव. खवीस परवडला, तू नको!”

त्याचे कान लाल झाले होते, थेट त्याच्या बापाचे व्हायचे तसे. मान खाली, खांदे वर, तोंडाचा पट्टा सुटलेला. इतक्या हेकटपणाने तिच्याशी भांडणारं या जगात एकच माणूस होतं. आतल्याने गोळी लागूनही तक्रार केली नव्हती. जो भांडतोय तो आपला. याहून दुसरा पुरावा तिच्याजवळ नव्हता, आणि तिने तो मानला.

तेवढ्यात तिच्या पाठीला दार लागलं. ढकललं नाही कुणी, हिसका नाही. दमलेल्या माणसाने पलीकडून खांदा टेकावा तसं, सगळं वजन हळूहळू फळीवर आलं. अडसर कुरकुरला. क्विरिनने तो आवाज ऐकला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून अडसरावर गेली आणि तिथेच राहिली.

“मोटर आहे,” तो म्हणाला.

“मोटर बंद आहे.”

“मग हरीण घसरलं असेल.” आवाज चढला, पण पाय जागचा हलला नाही. “काय चाललंय काय, आत्या? स्वतःच्या घरातल्या खोलीत शिरायला आता बंदूक लागते का? लागते का? सांग, आणू तुझी ती एकबारी?”

फळीवरचं वजन तिच्या माकडहाडापासून मानेपर्यंत चढलं. कुणीतरी पलीकडून तिच्याच उंचीवर कपाळ टेकलं होतं, आणि ऐकत होतं.

“नाही,” नोटबुर्गा म्हणाली, “तुझी आण, आणि पाचही भर.”